उद्याचं आजच विचारायला हवं

प्रेम वेगाने पुढे सरकत असताना मुलीने थांबून चार प्रश्न विचारले, की ‘तू फार विचार करतेस’ असं तिला सुनावलं जातं. ‘द शिरेल्स’ या न्यू जर्सीतल्या चार कृष्णवर्णीय तरुणींच्या गटाने १९६० मध्ये गायलेलं ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे गाणं ऐकलं, की त्या शेऱ्यातला अन्याय कळतो. गाण्यातली तरुणी प्रेमात आहे, सुखात आहे. तरीही हे प्रेम रात्रीपुरतं आहे की टिकणारं, हे तिला आधी जाणून घ्यायचं आहे. तिची शंका हा मनाचा दुबळेपणा नाही. निर्णयाची किंमत जिला मोजावी लागणार आहे, तिने केलेला तो रास्त विचार आहे.

ही किंमत त्या काळी किती मोठी होती, ते पाहावं. गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली ती त्याच वर्षी. अविवाहितांनाही गर्भनिरोधकं मिळवण्याचा हक्क आहे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते थेट १९७२ मध्ये. मधल्या काळात एका रात्रीचे परिणाम मुलीच्या शरीरावर, शिक्षणावर आणि अब्रूवर होत. मुलगा बहुधा नामानिराळा राहत असे. अशा वेळी तिने उद्याचं विचारू नये, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? तिचा प्रश्न अनेकांना आपलाच वाटला असावा: जानेवारी १९६१ मध्ये हे गाणं ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाला हा मान प्रथमच मिळाला.

शंकेने प्रेमातली उत्कटता मरते, असा एक आक्षेप घेतला जातो. पण या गाण्यात ठेका नाचरा आहे, व्हायोलिनं भरभरून वाजतात; ओढ आणि शंका शेवटपर्यंत एकत्र नांदतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शब्द गेरी गॉफिन या पुरुषाचे, आणि नायिका पुरुषाच्याच शब्दाची वाट पाहते. मात्र चाल त्याची पत्नी कॅरोल किंग हिची होती, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुढे दोघांचा घटस्फोट झाला आणि १९७१ च्या ‘टॅपेस्ट्री’ या अल्बममध्ये तिने तेच गाणं स्वतः, पियानोवर, संथ लयीत गायलं. एकोणतिसाव्या वर्षी, संसार मोडल्यानंतरही तिला तो प्रश्न पोरकट वाटला नाही. उद्याची हमी कुणीच देऊ शकत नाही, हेही खरं. पण नायिका हमीपेक्षा आजचा खरेपणा मागते, आणि तो देणं समोरच्याच्या हातात असतं.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्या मुलीला ‘फार विचार करतेस’ म्हणणं आता सोडून द्यावं. तिला सरळ उत्तर द्यावं. उत्तर टाळणाऱ्या माणसाला तिच्या होकाराचा हक्क नाही.