वेदना शमली म्हणजे कूर्चा वाढली काय?

गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातावर प्लेटलेटसमृद्ध रक्तद्रवाची, म्हणजे व्यवहारात ‘पीआरपी’ या नावाने ओळखली जाणारी, इंजेक्शने घेतल्यास झिजलेली कूर्चा पुन्हा भरून येते आणि ही वाढ एमआरआयच्या चित्रात स्पष्ट दिसते, असे प्रतिपादन अलीकडे मोठ्या निःशंकपणे केले जाते. पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या गावात, जिथे खुरपणी आणि कापूसवेचणी करता करता आयुष्य वाकून किंवा उकिडवे बसून जाते, तिथे अशा दाव्याचे वजन शहरापेक्षा कितीतरी अधिक असते. कारण तिथल्या रुग्णाला एमआरआयसाठी परभणी किंवा नांदेड गाठावे लागते आणि इंजेक्शनाचा खर्च बहुधा पिकाच्या पैशातून निघतो. म्हणून हा दावा पुराव्यावर घासून पाहणे अगत्याचे आहे.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. रुग्णाचेच रक्त काढून ते अपकेंद्री यंत्रात फिरवले की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वरच्या द्रवात प्लेटलेटचे प्रमाण मूळ रक्ताच्या तीन ते पाच पट करता येते. या प्लेटलेट जखम भरून येण्यास मदत करणारी वाढकारक प्रथिने सोडतात, आणि प्रयोगशाळेत कूर्चेच्या पेशींवर त्यांचा अनुकूल परिणाम दिसतो. चंडीगढच्या पीजीआय संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ७८ रुग्णांपैकी काहींना पीआरपी व काहींना केवळ मिठाचे पाणी दिले, तेव्हा पीआरपी घेतलेल्यांच्या वेदना सहा महिन्यांच्या काळात अधिक कमी झालेल्या आढळल्या. येथपर्यंतचे सारे मान्य करण्याजोगे आहे. परंतु ‘वेदना कमी झाली, म्हणून कूर्चा वाढली’ हे पुढचे पाऊल या आधारावर टाकता येत नाही; कूर्चेचे मोजमाप हा त्या चाचणीचा विषयच नव्हता.

मुळात निरोगी कूर्चेत मज्जातंतू नसतात आणि रक्तवाहिन्याही नसतात. गुडघा दुखतो तो सांध्याच्या आतील अस्तराला सूज आल्यामुळे, कूर्चेखालच्या हाडावर ताण पडल्यामुळे किंवा भोवतालच्या स्नायुबंधांमुळे. पीआरपीने अस्तराची सूज ओसरली तर कूर्चा तसूभरही न वाढता रुग्ण सुखाने चालू लागेल, आणि ते सुख खरेच असेल. ते कूर्चेच्या वाढीचा पुरावा मात्र नसेल.

उरला एमआरआयचा दाखला. गुडघ्यातील कूर्चा बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाड असते, तर नेहमीच्या तपासणीतील चित्राचा एक बिंदू साधारण अर्ध्या मिलिमीटरचा आणि एक छेद सुमारे तीन मिलिमीटरचा असतो, म्हणजे दोन मिलिमीटर कूर्चेची सारी जाडी जेमतेम चार बिंदूंत सामावते. त्या जाडीत एक टक्का बदल म्हणजे एका बिंदूचा पंचविसावा भाग. तो डोळ्यांनी पाहून ‘वाढ झाली’ असे सांगणे कोणत्याही तज्ज्ञाला शक्य नाही. संशोधनात पातळ छेद घेऊन, कूर्चेची कड संगणकावर आखून, हजारो बिंदूंवरून एकूण आकारमान काढले जाते आणि त्यामुळे अचूकता पुष्कळ वाढते; तरीही त्याच गुडघ्याचे पुन्हा मोजमाप केल्यास दोनेक टक्क्यांचा फरक पडू शकतो. मोजणीतील त्रुटी दोन टक्के धरली, तर एकाच रुग्णाच्या दोन चाचण्यांतील फरक सुमारे साडेपाच टक्क्यांपेक्षा मोठा असल्याशिवाय तो खरा बदल मानता येत नाही, असे संख्याशास्त्राचे साधे गणित सांगते.

त्यातही कूर्चा ही स्थिर वस्तू नव्हे. तिच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग पाण्याचा असतो, भार पडला की ते पाणी बाहेर ढकलले जाते आणि विश्रांतीनंतर परत शोषले जाते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघे वाकवून केलेल्या बैठकांनंतर गुडघ्याच्या वाटीमागील कूर्चेचे आकारमान सुमारे सहा टक्क्यांनी, तर उकिडवे बसल्यानंतर पावणेपाच टक्क्यांच्या आसपास तात्पुरते घटलेले दिसले. म्हणजे ताडकळसची एखादी शेतमजूर स्त्री पहिल्या वेळी सकाळभर खुरपणी करून थेट तपासणीला गेली आणि दुसऱ्या वेळी दोन तास प्रतीक्षागृहात बसून आत गेली, तर दोन चित्रांतला फरक इंजेक्शनाच्या खात्यावर जमा होईल, वास्तविक तो विश्रांतीचा असेल.

या अडचणी ओलांडून झालेली चाचणी उपलब्ध आहे. सिडनी व मेलबर्न येथील २८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिस्टोअर’ चाचणीत निम्म्यांना आठवड्याला एक अशी तीन पीआरपी इंजेक्शने आणि उरलेल्यांना मिठाच्या पाण्याची इंजेक्शने दिली गेली, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. वर्षाअखेर दहापैकी वेदनेचा आकडा पीआरपी गटात २.१ ने, तर मिठाच्या पाण्याच्या गटात १.८ ने उतरला. नडगीच्या आतील बाजूच्या कूर्चेचे आकारमान अनुक्रमे १.४ आणि १.२ टक्क्यांनी घटले. दोन्ही फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या नगण्य ठरले. कूर्चा वाढली तर नाहीच, तिची झीजही मंदावलेली दिसली नाही.

यावर पीआरपीचे समर्थक म्हणतात की त्या चाचणीतील द्रवात प्लेटलेटची संख्या अपुरी होती. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकणे अन्यायाचे होईल, कारण पीआरपी हे ठरावीक मात्रेचे औषध नाही. यंत्र, फिरवण्याचा वेग आणि पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, यांनुसार प्रत्येक ठिकाणचा द्रव वेगळा होतो. मात्र हाच आक्षेप समर्थकांवर उलटतो. मात्रेवर सारे अवलंबून असेल, तर इंजेक्शन देण्यापूर्वी त्यातील प्लेटलेट मोजून त्यांची नोंद रुग्णाच्या कागदावर करणे हे त्यांचेच पहिले कर्तव्य ठरते. आणि अधिक मात्रेने कूर्चा वाढते असे म्हणणाऱ्याने ती वाढ मिठाच्या पाण्याशी तुलना करून दाखवली पाहिजे. एका चाचणीतील उणीव हा दुसऱ्या दाव्याचा पुरावा होत नाही.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचे मतही स्वीकारार्ह नाही. रुग्णाला बरे वाटले की पुरे, एमआरआयचा खटाटोप हवाच कशाला, असे काही अनुभवी चिकित्सक म्हणतात. एका रुग्णाच्या उपचारापुरते ते रास्त आहे, कारण चित्र आणि वेदना यांचा मेळ अनेकदा बसत नाही. परंतु उपचार झीज रोखतो की नुसती कळ दाबतो, हे वेदनेच्या आकड्यावरून कधीच कळणार नाही, आणि कळ दबल्यामुळे रुग्ण गुडघ्यावर अधिक भार टाकू लागला तर पुढे काय होईल हेही समजणार नाही. एमआरआयची ‘टी-टू’ मापनासारखी तंत्रे कूर्चेतील पाणी आणि कोलॅजेन तंतूंची मांडणी यांतील बदल जाडी घटण्याआधीच सुचवू शकतात, म्हणून संशोधनात एमआरआयचे स्थान अबाधित आहे. अट इतकीच की यंत्र तेच असावे, तपासणीपूर्वीची विश्रांती सारखी असावी, चित्र वाचणाऱ्याला उपचार ठाऊक नसावा आणि तुलनेचा गट असावा.

असे काम महाराष्ट्राच्या खेड्यात होणे अशक्य मुळीच नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोपडा यांनी घरोघरी जाऊन संधिविकारांची पाहणी सुरू केली आणि त्यातून ग्रामीण प्रौढांत झिजेच्या संधिवाताचे प्रमाण सहा टक्क्यांच्या जवळ असल्याचे पुढे आले. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि परभणीचे नवे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी शेतमजुरांच्या गुडघ्यांचा असाच पद्धतशीर अभ्यास हाती घ्यावा. उकिडवे बसून काम करणाऱ्या मराठवाड्यातील स्त्रीला ऑस्ट्रेलियातील शहरी रुग्णांचे निष्कर्ष जसेच्या तसे लागू पडतात की नाही, हे तिथेच ठरू शकेल.

तोपर्यंत पीआरपी देणाऱ्याने ‘काहींच्या वेदना काही महिने कमी होतात, कूर्चा वाढल्याचे सिद्ध झालेले नाही’ हे वाक्य संमतिपत्रावर मराठीत लिहून रुग्णाला वाचून दाखवावे, केवळ वाढ दाखवण्यासाठी त्याच्या खर्चाने दुसरा एमआरआय काढू नये, आणि मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम व वजन घटवणे हे उपचार इंजेक्शनाच्या आधी सुचवावेत. शरीराचे वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, आणि त्यासाठी परभणीची वारी करावी लागत नाही.