बालाघाटचा चिंकारा
चिंकारा हे कोरड्या माळरानावरचे सडपातळ हरीण बीड जिल्ह्यात बालाघाटच्या खडकाळ पठारावर, बोरी-बाभळीच्या विरळ झुडपांत राहते. पाटोदा तालुक्यातले नायगाव अभयारण्य 1994 मध्ये मोरांसाठी घोषित झाले, पण या रानाची खरी परीक्षा चिंकाराच देतो. ही परीक्षा पाण्याविना तग धरण्याची: अमेरिकी वाळवंटातल्या दऱ्यांतील रानमेंढ्याही उन्हाळ्यात पाणवठ्यांजवळ राहतात. चिंकारा मात्र पाला, शेंगा आणि दव यांतल्या ओलाव्यावर दिवसच्या दिवस काढतो. पाणी मिळाले तर पितो, एवढेच. खांद्यापाशी उंची सुमारे 65 सेंटिमीटर, वजन 20-25 किलो. शिंगे नराला लांब व वळीदार, मादीला आखूड आणि गुळगुळीत. काळविटाच्या मादीला सहसा ती नसतातच, तरी दोघांची गल्लत सर्रास होते. काळविटांसारखे मोठे कळपही तो करत नाही. दुपारी सावलीत बसून तो सकाळ-संध्याकाळ चरतो, म्हणून पाहणाऱ्याने उजाडताच आडोशाला बसावे. चाहूल लागली की तो पुढचा पाय आपटतो, शिंकेसारखा आवाज काढतो आणि पळतो. थोड्या अंतरावर थांबून मागे वळून पाहतो. नेमकी हीच सवय शिकाऱ्याच्या पथ्यावर पडते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.