सज्ज्याला पॉलिश कोणते?

गिरणेच्या खोऱ्यातील कळवणसारख्या गावी खाली दुकान आणि वर सागवानी फळ्यांचा सज्जा असे घर ज्या कुटुंबाने अजून राखले आहे, त्याने डागडुजी चातुर्मासात काढू नये. पावसात लाकूड ओल धरते, भेगांत जीव आश्रयाला येतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर, फळ्या सुकल्यावर, प्रथम मऊ पुंजणीने सांधे पुंजून घ्यावेत, घासणे त्यानंतर.

कारागीर बहुधा चपड्याचे पॉलिश सुचवतो. चपडा म्हणजे लाख, पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवरील कीटकांचा स्राव. ती खरवडताना असंख्य कीटक मरतात. उपासकदशांग सूत्रातील 15 कर्मादानांत लाक्षावाणिज्य गणले आहे. ज्याचा व्यापार श्रावकाला वर्ज्य, ते पायाखाली का पसरावे? शिवाय उघड्यावर चपडा टिकतही नाही. पाणी लागताच पांढरा पडतो. त्याऐवजी जवसाचे पक्के तेल पातळ हाताने द्यावे, न मुरलेले पुसून घ्यावे. तेलाच्या चिंध्यांचा मात्र बोळा करून ठेवू नये; हवेच्या संयोगाने तापून त्या आपोआप पेटू शकतात. उघड्यावर सुट्या पसराव्यात.

कठड्याच्या जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. तो ओला करूनच घासावा, मुलांना दूर ठेवावे. लोखंड पूर्ण सुकले की उरलेला गंज काढून त्याच दिवशी रेड ऑक्साइड, नंतर ऑइलपेंट. खांब फळीत रुततो तेथे पाणी मुरते, म्हणून ती जागा आधी ठोकून पाहावी. महावीर जयंतीची मिरवणूक पाहायला सारे घर त्याच कठड्यावर रेलते.