"आई, मला पोलीस व्हायचंय"



पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात जेवताना माझा सोळा वर्षांचा लेक म्हणाला, इथल्या पोलीस खात्याच्या एक्स्प्लोरर कार्यक्रमात नाव घालायचंय, फॉर्मवर पालकांची सही हवी. चौदा-पंधरापासून वीस वर्षांपर्यंतच्या मुलांना पोलिसांचं काम जवळून बघता येतं, तोच हा कार्यक्रम. मी आपलं सहज विचारलं, "कॉलेजच्या अर्जात दाखवायला का?" तर म्हणतो, "नाही आई, मला खरंच पोलीस व्हायचंय."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. आणि मी काय म्हणाले तेही सांगते, लाज वाटतेय तरी. म्हणाले, "अरे, यासाठी आलो का आपण एवढ्या लांब?"

तो शांतपणे म्हणाला, "मग कोणी व्हायचं? दुसऱ्यांच्या मुलांनी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मला रॉनिल सिंग आठवला.

बे एरियातून आय-५ ने एलएला जाताना सांता नेलाला कॉफीसाठी थांबायच्या थोडं आधी न्यूमनचा फाटा लागतो. आपण कितीदा तिथून गेलो असू, आत कधी वळलो नसू. दहा-बारा हजार वस्तीचं, शेतीवाडीचं गाव. रॉनिल सिंग तिथे कॉर्पोरल होता. फिजीत जन्मलेला, आपल्यासारखाच बाहेरून आलेला. पोलीस व्हायचं हेच त्याचं स्वप्न. आधी मर्सेड काउंटीत राखीव डेप्युटी म्हणून काम केलं, मग २०११ मध्ये न्यूमनच्या खात्यात लागला.

२०१८ च्या नाताळचा त्याचा एक फोटो तेव्हा सगळीकडे आला होता. ख्रिसमस ट्रीसमोर तो, बायको, पाच महिन्यांचं बाळ आणि त्याच्या कामातला जोडीदार कुत्रा सॅम. फोटो काढून काही तासांत तो ड्यूटीवर गेला. सणाची रात्र, पण कोणीतरी ड्यूटीवर असावंच लागतं. २६ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर, दारू पिऊन गाडी चालवत असल्याच्या संशयावरून त्याने एक गाडी थांबवली आणि त्याला गोळी लागली. वय ३३. मारेकरी दोन दिवसांत पकडला गेला. २०२० मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला जन्मठेप झाली, पॅरोलशिवाय. मारेकरी या देशात बेकायदा राहत होता, त्यामुळे या मृत्यूचं राजकारणही भरपूर झालं. त्यात मला पडायचं नाही. माझ्या डोक्यात राहिलाय तो फोटो. त्या बाळाला त्या रात्रीचं काहीच आठवणार नाही. बाबा कसे होते, हे त्याला दुसऱ्यांनीच सांगायचं.

दुसऱ्याच वर्षी, २७ सप्टेंबर २०१९ ला, ह्यूस्टनजवळ डेप्युटी संदीप सिंग धालीवाल गेला. तोही असाच गाडी थांबवताना. तीन मुलांचा बाप. हॅरिस काउंटीतला पहिला शीख डेप्युटी, पगडी-दाढी ठेवून काम करण्याची परवानगी मिळवलेला. आज तिथल्या एका पोस्ट ऑफिसला त्याचं नाव आहे.

आता आपल्याबद्दल बोलू. दर २६ नोव्हेंबरला आपल्या प्रत्येक ग्रुपवर तुकाराम ओंबळेंचा फोटो फिरतो. साताऱ्यातल्या केडंबे गावचा माणूस. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त काठी असताना कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. तेही मुलींचे वडील होते. आपण तो फोटो फॉरवर्ड करतो, डोळे भरून येतात, मुलांनाही दाखवतो. आणि तीच मुलं "मला पोलीस व्हायचंय" म्हणाली की आपल्या पोटात गोळा येतो! म्हणजे शौर्य हवं, पण ते शेजारच्या घरात. मला वाटतं हा ढोंगीपणा आहे, आणि तो मी स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर केला.

मी पेशाने सीए. घाबरले की आकडे मांडते. त्या रात्रीही एक्सेल उघडलं. पगार वाईट नाही, ओव्हरटाइम असतो, कॅलिफोर्नियात बऱ्याच शहरांच्या पोलिसांना कॅलपर्सचं आयुष्यभराचं पेन्शन मिळतं. २०२२ पासून इथे नव्या पोलिसाचं वय किमान २१ लागतं, म्हणजे आधी शिक्षणाला वेळ आहे. ड्यूटीवर मृत्यू आला तर १९७६ च्या कायद्याने केंद्र सरकार कुटुंबाला एकरकमी मदत देतं, त्यावर आयकर नाही. त्या ओळीपाशी आले आणि लॅपटॉप बंद केला. बाळ पाच महिन्यांचं असताना गेलेला बाप कुठल्या रकान्यात मांडायचा?

तेव्हा भीती खरी आहे. ती नाही असं मी म्हणत नाहीये.

दुसरी शंकाही खरी आहे. तुमच्यापैकी अनेकजण म्हणतील, इथले पोलीस आपल्याशी कसे वागतात बघितलंय ना? बघितलंय. २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसनला, मुलाकडे आलेल्या सुरेशभाई पटेलांना फुटपाथवर चालत असताना पोलिसाने जमिनीवर आपटलं. इंग्रजी येत नव्हतं, एवढाच त्यांचा दोष. आपले आईवडील इथे आले की असेच सकाळी फिरायला जातात ना? २०२३ मध्ये सिएटलला जान्हवी कंदुला रस्ता ओलांडताना पोलिसांच्या गाडीखाली गेली, आणि दुसरा एक पोलीस त्यावर हसताना रेकॉर्ड झाला. ते ऐकून माझी झोप उडाली होती.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? तिथे आपलं कोणी नकोच, की तिथे आपलं कोणीतरी हवंच? नातवंडांना भेटायला आलेले आजोबा म्हणजे संशयित नव्हेत, हे न सांगता ओळखणारा एकजण त्या गाडीत असता तर? कदाचित काही फरक पडला नसता. पण बाहेर उभं राहून नुसतं "सिस्टिम वाईट आहे" म्हटल्याने तर नक्कीच पडत नाही.

आपण या देशात चांगल्या शाळा, सुरक्षित रस्ते, घरांच्या किमती बघून राहतो. "सेफ नेबरहूड" हा शब्द घर घेताना आपल्या तोंडी किती वेळा येतो! ते सेफ ठेवण्यासाठी कोणाचा तरी बाप नाताळच्या रात्री घराबाहेर असतो, एवढं तरी मुलांना सांगूया.

सगळ्यांनी मुलांना पोलीस करा असं मी म्हणत नाहीये. तीनच गोष्टी सुचवते. एक, मूल असं काही बोललं, पोलीस, फायर फायटर, सैन्य, काहीही, तर पहिल्या मिनिटात "नाही" म्हणू नका. माझ्यासारखं तर अजिबात बोलू नका. दोन, ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी बहुतेक गावांत नॅशनल नाइट आउट असतो (टेक्सासमध्ये ऑक्टोबरात). मुलांना घेऊन जा, आपल्या भागातल्या एका तरी पोलिसाचं नाव माहीत करून घ्या. आजी-आजोबा आले असतील तर त्यांनाही न्या, ओळख करून द्या. तीन, वॉशिंग्टन डीसीला गेलात तर म्युझियमं बघून झाल्यावर ज्युडिशियरी स्क्वेअरला पोलिसांचं स्मारक आहे, तिथे अर्धा तास थांबा. भिंतींवर कोरलेल्या नावांत सिंगही सापडेल, धालीवालही.

काल फॉर्मवर सही केली. लेकाने बघितलं, काही बोलला नाही, नुसती मिठी मारली. भीती गेलेली नाही. ती बहुधा जाणारही नाही. पण माझी भीती ही त्याला अडवायचं कारण होऊ नये, एवढंच ठरवलंय.

तुमच्या घरी असा प्रसंग आलाय का? तुम्ही काय म्हणालात? खरं काय ते लिहा. मी माझं लिहिलंय.