मैदान नको, कॉमेंट बंद करा

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आला की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फोटो येऊ लागतात. तालुक्याला जिंकलेला कबड्डीचा संघ, जिल्ह्याला निवड झालेली धावपटू. हे पाहून आम्हाला आनंदच होतो. निवड चाचणी कधी आहे, अर्ज कुठे भरायचा, हे पूर्वी सरांच्या जवळच्या चार मुलांनाच कळायचे. आता ती सूचना वस्तीतल्या पोराच्याही हातात पडते. ज्या शाळेला क्रीडाशिक्षकच नाही तिथली मुले भालाफेक नि लांब उडी व्हिडिओ पाहून शिकतात. ही मदत लहान नाही.

पण त्याच मोबाईलवर पुढे येतो पावडरचा डबा. महिनाभरात दंड फुगवून दाखवणारा तो तरुण काय घेतो हे कोणी सांगत नाही. काही डब्यांत लेबलावर न लिहिलेली स्टेरॉइड्स सापडली आहेत, आणि स्टेरॉइडमुळे वाढत्या वयात उंची खुंटू शकते. भिजवलेले हरभरे, अंडी, मटकीची उसळ, शेंगदाणे-गूळ यांची जाहिरात कोण करणार? वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडायला सांगणाऱ्या रील्स तर सरळ धोकादायक आहेत. शिवाय झोप. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. रात्री बारापर्यंत लाइक मोजून पहाटे पाचला धावायला गेलेले पोर दुखापत घेऊन येण्याचीच शक्यता जास्त.

आमची खरी काळजी मात्र मुलींची आहे. हाफ पँटमधल्या धावपटूचा फोटो सर्वांसाठी खुला टाकला जातो. खाली तिच्या अंगावरून, रंगावरून, कधी आडनाव पाहून जातीवरून लिहिले जाते. ते घरी कळते आणि दुसऱ्या दिवसापासून पोरीचे मैदान बंद! फोटो टाकला मंडळाने, घाण लिहिली भलत्यानेच, शिक्षा मात्र तिला. हाडे भक्कम होण्याचे वय हेच. नेमके तेव्हाच तिला घरात बसवले जाते.

अब्रूची भीती आम्हाला कळते, पण हा उपाय आम्हाला मान्य नाही. फोटो टाकण्याआधी मुलीला आणि तिच्या आईला विचारा. कॉमेंट बंद ठेवा. नाव, शाळा आणि सरावाची वेळ एकत्र देऊ नका. कोणी घाण लिहिलेच तर खोडण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख लिहून ठेवा आणि पोलिसांत तक्रार द्या. जातिवाचक अपमान असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम लावण्याचा आग्रह धरा. मुलगी घाबरली असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आणि त्या दिवशीचा सराव चुकवू नका. हवे तर घरातले कोणीतरी तिच्यासोबत मैदानावर जाऊन बसा.