सावळाराम आणि डोळ्यांतलं पाणी

मंडळी, पी. सावळारामांचं नाव निघालं की काही काव्यप्रेमी हमखास नाक मुरडतात. "गाणी गोड आहेत हो, पण ती काय कविता? नुसती रडारड!" पन्नासच्या दशकात एकीकडे मर्ढेकरांच्या नवकवितेवर वाद झडत होते, आणि दुसरीकडे सावळाराम, वसंत प्रभू आणि लताबाई हे त्रिकूट रेडिओवरून घराघरांत पोचत होतं. वाद विद्वानांनी लक्षात ठेवले, गाणी आमच्या आयांनी.

सांगलीकडच्या येडे निपाणीचे निवृत्ती रावजी पाटील (१९१३-१९९७) ते हेच. पुढे ठाणेकर झाले आणि ठाण्याचे नगराध्यक्षसुद्धा! लेकीबाळींच्या डोळ्यांतलं पाणी गाण्यात आणणारा हा माणूस नगरपालिकेत नळाच्या पाण्याच्या तक्रारीही ऐकत असेल, याची मला भारी गंमत वाटते. कुसुमाग्रजांनी त्यांना 'जनकवी' म्हटलं ते उगाच नव्हे.

माझं म्हणणं असं की नेमकं रडवणं सोपं नसतं. जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात ऐकणारीला आपलं घर दिसलं पाहिजे, आणि शब्द असे हवेत की शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही अडू नये. 'कल्पवृक्ष' आठवून बघा. मा. दीनानाथ १९४२ साली गेले तेव्हा लता बारा वर्षांची. वडिलांनी लावलेलं झाड फळाला आलं आणि बघायला तेच नाहीत, एवढीच गोष्ट. एकही अवघड शब्द नाही. दीनानाथ कोण हे माहीत नसलेल्या बायकाही ते आपापल्या वडिलांसाठी ऐकायच्या.

'गंगा-जमुना'चं मात्र एवढं सरळ नाही. दिल्या घरी सुखी राहा असं लेकीला सांगणारं हे गाणं. माझ्या वर्गातल्या हुशार मुली आठवी-नववीतून उठून बोहल्यावर चढल्या, आणि मांडवातल्या कर्ण्यावर हेच गाणं! तेव्हाही राग यायचा, आजही येतो. तो उपदेश मला मान्य नाही. पण त्या आईला तरी लग्न ठरवताना कुणी विचारलं होतं? घरात तिला रडायची सोय नव्हती. चार माणसांत पदर डोळ्याला लावायची मुभा त्या गाण्याने दिली. उपदेश टाकून द्या, ते रडणं खोटं नव्हतं.

असो. माझ्या नातीला हे गाणं ऐकवलं, तर ती म्हणाली, "आजी, मग ती मुलगी काय म्हणाली?" खरंच, लेकीचं उत्तर त्या गाण्यात नाही. तुमच्यापैकी कुणी लिहिता का?