फुकटच्या कुलपाची देखभाल

रुग्णालयाला दानात यंत्र मिळाले की आम्ही आधी विचारतो, ‘एएमसी कोण भरणार?’ सॉफ्टवेअरबाबत हे कुणी विचारत नाही. इंटरनेटवरील देवाणघेवाणीला कुलूप लावणारे ‘ओपनएसएसएल’ कुणालाही फुकट वापरता येते. २०१४ मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी सापडली. त्याच वर्षी अमेरिकेतील एका रुग्णालय-साखळीतून ४५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली. चोर याच भगदाडातून शिरल्याचे सुरक्षातज्ज्ञांनी सांगितले. तेव्हा कळले, निम्म्याहून अधिक इंटरनेट ज्यावर विसंबून, त्या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळत जेमतेम २,००० डॉलर! मग गूगल, मायक्रोसॉफ्टसह डझनभर कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत अशा प्रकल्पांना प्रत्येकी वर्षाला १ लाख डॉलर, किमान ३ वर्षे द्यायचे ठरवले. आपल्याकडे ‘झेरोधा’ने २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा असाच निधी जाहीर केला. रकमेपेक्षा मला ‘वर्षाला’ हा शब्द मोलाचा वाटतो.

नाशिकमध्येही केसपेपर आता संगणकावर निघतो. रुग्णालयांना प्रणाली विकणाऱ्या कंपन्या आतले बरेच काही फुकटच उचलतात. निविदेत एएमसीच्या रकान्याशेजारी त्यांच्या वर्गणीचाही रकाना हवा.